छापाचं पान

डाव्या हाताच्या मागच्या बाजूला, मनगटापासून दोन बोटं पुढे, जिथे कातडी पातळ असते आणि तिच्याखालून शिरा निळसर दिसतात, तिथे मला अजूनही अधूनमधून एक गारवा जाणवतो. पावसाचा गारवा मला ठाऊक आहे, तो वरून येतो आणि पसरत जातो. हा मात्र एकाच जागी येतो, बोटभर लांब, कडांना कातरकाम केल्यासारखा. आणि तो कळतो न कळतो तोच त्याच्यावर एका जाड, खरबरीत, उबदार तळव्याचा दाब येतो. एक हलकीशी चापट. मग घटकाभर काहीच नाही. मग पान देठाकडून अलगद उचललं जातं आणि खाली, माझ्या सावळ्या हातावर, चांदी उरते.

आम्ही त्याला छापाचं पान म्हणायचो. रुपेरी नेचा हे त्याचं पुस्तकातलं नाव मला फार उशिरा कळलं, आणि कळलं तेव्हा ते मला एखाद्या घरच्या माणसाच्या शाळेतल्या नावासारखं वाटलं. खरं असेल, पण त्या नावानं हाक कोण मारणार?

बाबा आंबोली घाटात मैलकुली होते. रस्त्याचा एक तुकडा त्यांच्या वाटणीला होता, आणि तो तुकडा म्हणजेच त्यांचं जग. पावसाआधी गटारं उपसायची, पावसात त्यांत कोसळलेली माती, पालापाचोळा, दगड काढत राहायचं, पाऊस ओसरला की खड्ड्यांत खडी आणि डांबर. आषाढात आई लावणीला जायची, धाकटा भाऊ आजीच्या मांडीवर असायचा, आणि मी, धड शाळेत जाण्याच्या वयाची नाही आणि घरी एकटी ठेवावी अशीही नाही, बाबांच्या मागून घाटात. डोक्यावर कांबळ्याची खोळ. पायांखालून वाहणारं लाल पाणी. धुकं इतकं दाट की बाबांची कुदळ दिसायची नाही, नुसता तिचा आवाज यायचा. आणि तो आवाज जरा वेळ थांबला की मी रडायला लागायचे.

मग ते धुक्यातून यायचे. फावडं दरडीला टेकवून ठेवायचे. अंगातल्या सदऱ्याचं आतलं टोक, खोळीखाली राहून कोरडं उरलेलं, बाहेर काढायचे आणि माझा हात पुसायचे, एकदा, दोनदा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा. “रडा नको गो बाय. हात दी.” आणि मला कडेवर घेऊन माझा हात पानाच्या खाली धरायचे.

ते पान कधी तोडत नसत. एवढं मला स्वच्छ आठवतं. पान हाताकडे आणायचं नाही, हात पानाकडे न्यायचा. देठ दरडीतच असायचा, काळसर, गुळगुळीत, तेल लावल्यासारखा चमकणारा, आणि त्याच्या टोकाशी ते पान हिरवं, साधं, वरून पाहणाऱ्याला काही सांगू नये इतकं साधं. त्याची सगळी श्रीमंती पाठीमागे. बाहेर घाट धो धो गळत असायचा, दरडीवरून धारा लागलेल्या असायच्या, पानाच्या वरच्या अंगावर थेंब बसलेले असायचे, आणि खालची ती पांढरी बाजू मात्र कोरडी. एवढ्या पावसात कोरडी! मला तेव्हा वाटायचं, सगळ्या घाटात दोनच कोरड्या जागा आहेत, एक त्या पानाखाली आणि दुसरी बाबांच्या सदऱ्याच्या टोकाशी.

छाप हातावर फार वेळ टिकत नसे. मी तो हात अंगापासून लांब धरून, जणू तो दुसऱ्या कुणाचा आहे असा जपत, घरी न्यायचे. तरी वळणावर खोळ घासायची, झऱ्यावर पाणी उडायचं, घसरताना हात टेकला जायचा. त्या चांदीतली एक पाकळी जायची, मग दुसरी. घराच्या पायरीपर्यंत नुसता पांढुरका डाग. आईला एकही छाप अखंड दाखवता आला नाही. एकही नाही.

पुढे शिक्षणासाठी पुण्यात आले, आणि एका ग्रंथालयाच्या मागच्या खोलीत, जिथे पंख्याखाली जुनी पानं हळूच उलटत असतात, मला ‘द फर्न्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक सापडलं. फादर ब्लॅटर आणि डाल्मेडा यांनी १९२२ साली लिहिलेलं. मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातल्या वाळवलेल्या वनस्पतींच्या संग्रहाला आज ज्यांचं नाव आहे तेच हे ब्लॅटर. त्या काळी आमच्या छापाच्या पानाला चेइलँथिस फरिनोसा म्हणत. फरिनोसा, म्हणजे पिठाळ. पुढे त्याला वेगळ्या घराण्यात धरलं जाऊ लागलं आणि ॲल्युरिटॉप्टेरिस हे नाव रूढ झालं. तेही ग्रीक भाषेतल्या पिठावरूनच. लॅटिनमध्ये पीठ, ग्रीकमध्ये पीठ. बाबांना जिथे चांदी दिसली तिथे विद्वानांना पीठ दिसलं होतं.

मी पुस्तक मिटून बराच वेळ बसून राहिले. कारण पीठ म्हटल्याबरोबर मला आई दिसली. तांदळाची भाकरी थापताना तिच्या मनगटांपर्यंत चढलेलं पीठ, त्यातून वर आलेल्या तिच्या शिरा, कपाळावरचा केस मागे सारताना भुवईवर उमटलेली पांढरी रेघ. तिला छाप दाखवता आला नाही म्हणून मी इतकी वर्षं हळहळत होते, आणि तिच्या हातावर तर तो रोज सकाळी उमटत होता, रोज पुसला जात होता. मी पाहत होते आणि मला दिसत नव्हता.

हे पिठाचं नाव त्या पानाला ज्यानं दिलं तो माणूस फार तरुण गेला. पेटर फोर्सकोल त्याचं नाव, वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा शिष्य. डेन्मार्कच्या राजानं १७६१ साली अरबस्तानाकडे धाडलेल्या मोहिमेत तो होता. येमेनच्या डोंगरांत झाडंझुडपं गोळा करत, त्यांची वर्णनं लिहीत तो हिंडला आणि १७६३ च्या जुलैत तिथल्या यरीम गावी हिवतापानं गेला. एकतीस वर्षांचा होता. त्याच्या त्या डोंगरांत हे पान त्याला कुठल्या खडकाच्या सावलीत भेटलं असेल? त्यानं ते नुसतं उलटून पाहिलं, की हातावर दाबूनही पाहिलं असेल? अशा गोष्टी कुणी लिहून ठेवत नाही.

त्याचे सोबतीही एकामागून एक गेले. चित्रकार मुंबईच्या वाटेवर जहाजातच गेला, वैद्य मुंबईत पोचून पुढच्या वर्षी गेला. एकटा कार्स्टन नीबूर उरला. आजारातून उठून तो वर्षभराहून अधिक काळ मुंबईत राहिला, होडीनं घारापुरीला जाऊन त्यानं लेण्यांची चित्रं काढली, आणि मग फार लांबच्या वाटेनं युरोपात परतला. मित्राची टिपणं त्यानं १७७५ साली छापून आणली, आणि त्या पुस्तकात आमचं पिठाळ पान पहिल्यांदा छापील नावानं आलं. नीबूरनं मुंबईतला पावसाळा पाहिला. तेव्हा तिथून चार दिवसांच्या वाटेवर, सह्याद्रीच्या प्रत्येक ओल्या खडकावर, त्याच्या गेलेल्या मित्राच्या पानाची भावंडं हिरवी झालेली होती. हे त्याला कुणी सांगितलं असतं तर! माझ्या मनात हा विचार आला की पोटात काहीतरी हलतं, इतक्या वर्षांनंतरही.

भावंडं, असं मी जाणून म्हणते आहे. येमेनमधून निघालेलं ते एक नाव आफ्रिकेच्या डोंगरांवर, सह्याद्रीवर, निलगिरीवर, हिमालयावर, जिथे जिथे पाठीवर पांढरं पीठ दिसलं तिथे तिथे दिलं गेलं. दीर्घकाळ ते एकच पान आहे असं धरलं गेलं. मग १९६६ साली आयरीन मँटन आणि त्यांच्या सोबत्यांनी आफ्रिकेतल्या आणि भारतातल्या या पानांच्या पेशींत डोकावून गुणसूत्रं मोजली, आणि एकाच नावाखाली निरनिराळी कुळं नांदत असल्याचं कागदावर आलं. आता त्यांना वेगवेगळी नावं आहेत. कुणाच्या देठावरचे खवले दुरंगी, कुणाच्या पानाची कड पांढरी, कुणी अंगानं रुंद, कुणी शेलाटं. यांतली कित्येक तर मीलनावाचूनच पुढची पिढी उभी करतात. आईची लकब तशीच्या तशी मुलीत, मुलीची नातीत. त्यामुळे एखाद्या डोंगराची सवय त्या डोंगराच्या पानात मुरून राहते.

हे वाचलं तेव्हा मला नवल वाटलं नाही. माझ्या हाताला ते आधीच कळलं होतं.

महाबळेश्वरच्या जांभ्या दगडावरचा छाप बारीक येतो, जाळीदार, लहान मुलीच्या चांदीच्या पैंजणासारखा. गोव्यात, माझ्या मावशीच्या घरामागच्या पाटाच्या कडेला, एक उंच, दणकट पान असायचं. त्याचा छाप लांब आणि गच्च यायचा, आणि मला तो कधीच आपला वाटला नाही. नजरेला तोच, हाताला परका. पुढे कळलं की ते पान खरंच परक्या मुलखातलं. उष्ण अमेरिकेतून आलेलं आणि इथल्या ओलीला रुजलेलं, वेगळ्याच घराण्याचं. लिनियसनं १७५३ मध्येच त्याची नोंद केली होती, आणि त्याच्या नावातलं कॅलोमेलॅनॉस म्हणजे सुंदर काळं, त्याच्या देठासाठी. थायलंडमध्ये खाणींच्या परिसरात हेच पान मातीतलं आर्सेनिक स्वतःच्या अंगात साठवून घेताना आढळलं आहे. तेव्हापासून मी त्याच्याकडे अधिक मायेनं पाहते. दूरच्या देशातून येऊन रुजल्या जागच्या मातीतलं विष पिणाऱ्याला परकं कसं म्हणावं?

आणि दार्जिलिंग. लग्नानंतरच्या पहिल्या प्रवासात आम्ही तिथे गेलो होतो. सकाळी भिंतीच्या कडेनं चढावर चालताना दोन मुली दिसल्या, शाळेच्या गणवेशातल्या. एकीनं दुसरीचा हात धरला होता, आणि मग ती चापट ऐकू आली. नुसता आवाज. मी थबकले. मुलींनी माझ्याकडे पाहिलं, त्या हसल्या, आणि मोठीनं काही न बोलता माझ्यापुढे पान धरलं. मी हात पुढे केला. तिचा तळवा लहान होता, थंड होता. छाप उमटला तो आमच्यापेक्षा ठसठशीत, टोकांना निमुळता. पूर्व हिमालयात याच घराण्यातलं एक पान पाठीला सोन्यासारखं पिवळं असतं असं मी वाचलं होतं. पण त्या सकाळी सोनं मिळालं असतं तरी मला नको होतं. मी रस्त्यात उभी राहून रडले. नवऱ्याला कारण सांगता येईना. काय सांगणार? माझ्या बाबांचा हात नव्हता तो, एवढंच.

ते पीठ म्हणजे काय, हेही मी पुढे वाचलं. पानाच्या पाठीवर अगदी सूक्ष्म ग्रंथी असतात, त्या हे पीठ पाझरवतात. पावसाळ्यात ते पाणी चिकटू देत नाही. पावसाळा सरला, दरड वाळली, की पान वरच्या अंगानं आत वळत जातं, मूठ मिटावी तसं, आणि पांढरी पाठ बाहेर येते. ऊन तिच्यावर आपटून परत जातं, आतली उरलीसुरली ओल राहते. मार्गशीर्षात आमची दरड अशी दिसायची की कुणी तिच्यावर पांढऱ्या सुरळ्या खोचून ठेवल्या आहेत. मी लहानपणी त्या पाहून म्हणाले होते, बाबा, मेली. ते म्हणाले, “मराक नाय. निजली हत.” वळवाचा पाऊस पडला, दुसऱ्या दिवशी त्यांनी मला नेऊन दाखवलं. मुठी उघडत होत्या.

बाबा शेवटची चार वर्षं माझ्याकडे होते, पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर. बोलणं मुळातच कमी, ते आणखी कमी झालं होतं. दिवसभर गॅलरीत बसायचे आणि खालच्या रस्त्याकडे पाहायचे; खड्डा दिसला की अस्वस्थ व्हायचे. एका श्रावणात ताम्हिणी घाटातून येताना मी दगडावरचं एक पान आणलं. तोडून आणलं, हे कबूल करते. वहीत घालून आणलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. त्यांचा हात आता मऊ झाला होता. डांबरानं, कुदळीनं केलेले घट्टे कधीच निघून गेले होते, कातडी कागदासारखी झाली होती. मी दाबलं, हळूच, दुखू नये म्हणून फारच हळू. छाप अर्धाच आला.

ते त्या अर्ध्या छापाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “तुका थंयच उभी करी मी.”

मला नीट कळलं नाही. मी विचारलं, कुठे? आणि मग त्यांनी, इतक्या वर्षांत पहिल्यांदाच, सावकाश, मधे थांबत थांबत, सांगितलं. घाटात लहान पोर बरोबर घेऊन काम करायचं म्हणजे जिवाला घोर. पावसात कुठली दरड कधी सुटेल सांगता येत नाही. पण हे पान जिथे दाट आहे, जुन्या देठांच्या बुडख्यांतून नवे देठ फुटलेले आहेत, तिथला दगड कित्येक वर्षांत हललेला नाही. हलला असता तर पान एवढं जुनं झालंच नसतं. जिथे दरड नवी सुटलेली असते तिथे नुसती लाल माती, नाहीतर कोवळं गवत. म्हणून रोज सकाळी ते आधी दरड पाहत चालायचे, आणि छापाचं पान जिथे सगळ्यात जुनं, तिथे मला उभं करायचे. मग खाली जाऊन काम. मी रडले की वर. मला गप्प करायला जवळ दुसरं काही नसायचं, हाताशी ते पानच असायचं.

एवढं बोलून ते दमले. मी त्यांचा हात हातात घेतला आणि सोडला नाही. त्या धुक्यात मला वाटायचं की मी एकटी आहे. आणि मी तर त्यांनी पारखून घेतलेल्या दगडाला पाठ लावून उभी होते. बाबा!

त्यांना जाऊन आता सात पावसाळे झाले. मागच्या आषाढात मी घाटात गेले होते. त्यांच्या तुकड्यातली बरीचशी दरड आता जाळीखाली गेली आहे, काही ठिकाणी तिच्यावर सिमेंटचा थर आहे. दगड पडून माणसं मरू नयेत म्हणून ते केलेलं आहे, आणि मैलकुलीच्या मुलीला त्याबद्दल तक्रार करता यायची नाही. पण त्यांच्या वळणावर कुणी हात लावलेला नव्हता. तिथे अजून जाळी नाही, बहुधा तिथला दगड अजूनही हलत नाही म्हणून. पानं होती, दाट, थराथरानं, जुन्या बुडख्यांवर नवी. मी छत्री बाजूला ठेवली आणि पाठ टेकून उभी राहिले. खाली कुठेतरी पाणी पडत होतं. धुकं आलं, गाड्यांचे दिवे पिवळे झाले, विझले. मी बराच वेळ कुदळीच्या आवाजाची वाट पाहिली.

तुम्ही कधी पावसाळ्यात घाट उतरत असलात आणि धबधब्यापाशी गर्दी दिसली, तर तिथे थांबू नका. जरा पुढे, जिथे कुणीच उभं नाही अशा ओल्या दगडाशी, सुरक्षित जागा पाहून थांबा. काळ्या देठाचं एक साधं पान शोधा आणि हळूच उलटून पाहा. तोडू नका. बरोबर एखादं लहान मूल असेल तर त्याचा हात पानाकडे न्या. आणि छाप घेण्याआधी तो हात नीट कोरडा पुसा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा.